एकशे चौदा पिशव्या

एकशे चौदा पिशव्या उल्हासने शुक्रवारी सकाळी दहा ते साडेअकरा एवढ्या वेळात फोडल्या, आणि आपल्या हातून फार मोठं काम झालं अशा समजुतीने तो थर्मासमधला चहा ओतून घेऊन बसला.

पिशव्या प्लॅस्टिकच्या, तळहाताएवढ्या. प्रत्येकीवर एक नंबर छापलेला आणि आत नट, बोल्ट, वॉशर. पहिल्या पाचसहा पाहिल्या तेव्हाच उल्हासच्या लक्षात आलं, की हे पॅकिंग करणारा माणूस अगदी बावळट असला पाहिजे. एकाच मापाचा बोल्ट तीन नंबरच्या पिशवीत चार, अकरा नंबरच्या पिशवीत दोन, एकोणचाळीसमध्ये पुन्हा सहा! सौदीतल्या खोबर शहरात ज्या बँकेत उल्हास नोकरीला होता तिथे त्याचं कामच हे होतं. एकाच गिऱ्हाइकाचं नाव पाच याद्यांत आलं असेल तर ते हुडकून एका ठिकाणी आणायचं. त्याबद्दल मागल्या वर्षी त्याला काचेची एक ढालही मिळाली होती. तेव्हा त्याने शेडमध्ये पडलेल्या लबनच्या, म्हणजे दह्याच्या, अकरा रिकाम्या बादल्या धुऊन पुसून ओळीने मांडल्या, सगळे बोल्ट मापाप्रमाणे त्यांत लावले, आणि जाड पेनाने इंग्रजीत सुबक लेबलं काढली. अकराव्या बादलीवर लिहिलं, 'मिसलेनियस'. रिकाम्या पिशव्या त्याने कचऱ्यात टाकल्या. तो स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर होता.

सदानंदमामा शेडच्या मालकाच्या, यासीनच्या, विहिरीवरचा पंप बघायला गेले होते, ते हात पुसत परत आले. दारात थांबले. त्यांनी बादल्यांकडे पाहिलं, मग कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग बराच वेळ उल्हासच्या तोंडाकडे पाहिलं.

"वा," मामा म्हणाले. "जावईबापू, आपलं अक्षर फार सुंदर आहे हो."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सदानंद नारकर हे उल्हासच्या बायकोचे, म्हणजे अमिताचे, सख्खे मामा. राजापूरच्या बाजूला भाचीच्या नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत, त्याच्यावर ओरडत नाहीत, आणि त्याच्या हातून काहीही घडलं तरी त्याला गाढव म्हणत नाहीत. रास तनुराच्या रिफायनरीत मामा पाइप फिटरांचे फोरमन होते. हाताखाली तीस माणसं. बिहारी, बंगाली, दोन नेपाळी. त्या तीसजणांना ते दिवसभरात जे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. पण जावयासमोर तो सगळा साठा वापरायला बंदी. त्यामुळे मामांनी आपला तिरस्कार आदरार्थी बहुवचनात बसवला होता. त्यात तो जास्तच टोचे.

"आपण शिकलेले," मामा पुढे म्हणाले. "आपल्याला आम्ही काय सांगणार? पण या बादलीतले हे दोन उचलून बघता का जरा? आपल्याला फरक दिसतो?"

उल्हासने दोन बोल्ट उचलले. "सेम आहेत, मामा."

"डोक्यावर बघा."

डोक्यावर ताकदीचे बारीक आकडे होते. एकावर आठ-आठ, दुसऱ्यावर दहा-नऊ.

"आठ-आठवाला नंबरप्लेट धरतो," मामा म्हणाले. "दहा-नऊवाला चाक धरतो. आता आपण दोघांची लग्नं एकाच मांडवात लावून दिलीत. कोण कुणाच्या घरी जाणार ते आपणच बघा."

उल्हासचा चहा तिथेच गार झाला. त्याला अपमान वाटला, आणि त्याहून जास्त वाटलं ते आश्चर्य. कारण त्याच्या मते त्याला इथे बोलावण्याचं कारण वेगळं होतं. जानेवारीत मामांचा फोन आला होता. "जावईबापू, पुढचे काही शुक्रवार मोकळे ठेवा. गाडीच्या कामाला माणूस हवाय." उल्हास पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची, पुढे एमबीए, पुढे बँक. पदवी मिळाल्यापासून त्याने पाना हातात धरला होता तो फक्त एकदा, मुलीच्या सायकलचा, आणि ती सायकल नंतर दुकानात न्यावी लागली होती. तरी फोन ठेवून तो अमिताला ऐटीत म्हणाला होता, "मामांना टेक्निकल सल्ला हवा असणार. शेवटी प्रॅक्टिकल माणसाला थिअरी लागतेच."

"तुझी?" अमिताने विचारलं होतं. एवढंच.

गाडीबद्दल उल्हासचं मतही फारसं बरं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात निघालेल्या एका बुटक्या, उघड्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारची ही नक्कल. ती आयती मिळत नाही. एक कंपनी लोखंडी सांगाडा, फायबरचं अंग, आणि बाकी गाडी सुटी करून लाकडी खोक्यांत भरून पाठवते, आपण जोडायची. ही खोकी मुळात मामांची नव्हतीच. रिफायनरीतल्या एका कॅनेडियन इंजिनियरने ती मागवली होती. त्याने चार वर्षं तयारी केली. फाइल केली, भिंतीवर तक्ता लावला, छातीवर स्वतःचं नाव विणलेला एप्रन शिवून घेतला. खोकं मात्र एकही उघडलं नाही. मग नोकरी संपली आणि कायमचं देश सोडून जायची वेळ आली, तेव्हा त्याच्या घराचं फाटक सांधून द्यायला गेलेल्या मामांना तो म्हणाला, घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जाईल. मामांनी सगळं आणलं. त्या एप्रनने ते आता फरशीवरचं तेल पुसत.

"पण मामा, तुम्हाला ही गाडी इथे रस्त्यावर आणता येईल का? कागदपत्रं, तपासणी...?" उल्हासने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"रस्त्यावर कोण म्हणालं? यासीनच्या मळ्यात खजुराच्या रांगा आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चारशे मीटर. जायचं नि यायचं."

"चारशे मीटरसाठी एवढी गाडी?"

"जावईबापू, आपण घरात ट्रेडमिल घेतलंय ना? ते किती मीटर जातं?"

राजापूरला अलकामामींना गाडीचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं होतं, "दोनच जागा? मग गॅसचा सिलिंडर कुठे ठेवणार?"

हे सगळं मामांनी कशासाठी मांडलंय ते उल्हासला दुसऱ्या शुक्रवारी कळलं, तेही बोल्ट निवडताना. कारण त्या दिवसापासून त्याला तेच काम लागलं होतं. खोक्यांबरोबर चाळीस पानांची एक यादी आली होती: कुठल्या नंबरच्या पिशवीत काय, किती, कुठल्या ताकदीचं. त्या यादीप्रमाणे एकशे चौदा पिशव्या पुन्हा भरायच्या. मामांनी कॅम्पच्या मेसमधून सँडविचच्या पिशव्यांचा गठ्ठा आणून दिला, आणि वर एक भिंग. "आपले डोळे कॉम्प्युटरचे," ते म्हणाले. "लहान वस्तू दिसायची सवय नसणार."

उल्हास सतरंजीवर मांडी घालून आकडे वाचत होता. मामा सांगाड्याखाली उताणे पडून काहीतरी घासत होते. फक्त पाय दिसत होते आणि आवाज येत होता.

"सत्त्याण्णव साली," पाय म्हणाले, "एका इंग्रज साहेबाकडे अशीच खरी गाडी होती. तिचा सायलेन्सर तुटला. सगळी फॅक्टरी फिरून साहेब माझ्याकडे आला. मी दोन तास खाली पडून तो असा सांधला की जोड शोधून सापडू नये. साहेब खूश. मी म्हटलं, साहेब, दोन मिनिटं बसून बघू? साहेब म्हणाला, नको, हात तेलकट आहेत तुझे."

"मग?"

"मग काय? तेलकट होतेच. त्याच्याच गाडीचं तेल होतं ते."

खालून एक काळा हात बाहेर आला आणि चाचपडत पॉलिशपेपर घेऊन आत गेला.

"तीस वर्षं पाइप जोडतोय, जावईबापू. या टोकाला येतो कुठून, त्या टोकाला जातो कुठे, कधी बघायला मिळालं नाही. जोडायचा, पिवळी खूण करायची, की पुढचा. एकदा एक वस्तू अशी जोडायची आहे की तिच्यात मी बसेन. आपण कितवी पिशवी भरताय?"

"बाविसावी."

"चार तासांत बावीस? बरं. आपण घाई नका करू."

पण घाई करणं भागच होतं. शेड यासीनची. यासीन हा सफवा गावाबाहेरच्या त्या खजुराच्या मळ्याचा मालक, साठीचा, गोल पोटाचा, तोंडात कायम दात घासायची मिसवाकची काडी. मामांनी त्याचा पंप बुडण्यापासून तीनदा वाचवला होता, म्हणून त्याने शेड फुकट दिली होती. पण रमजानमध्ये त्याचा सगळा गोतावळा रोज संध्याकाळी रोजा सोडायला मळ्यात येई, आणि शेडमध्ये गालिचे पडत. "सदीक," म्हणजे दोस्ता, "रमजान से पहले खाली," त्याने सांगितलं होतं. "खलास." खाली झाली नाही तर खोक्यांचं काय करणार तेही त्याने सांगून टाकलं होतं: भंगारवाल्याचा ट्रक. त्याच्या दृष्टीने ते सगळं लोखंडच होतं.

समोरच्या रस्त्याला तीनशे मीटरवर एका मलबारी माणसाचं टायरचं दुकान होतं. त्याने मागच्या अंगणात जागा द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. चाकांवर उभी असेल तर आणा. खोकी, डबे, सुटं सामान ठेवायला हे गोडाऊन नाही. म्हणजे रमजानचा चंद्र दिसायच्या आत सांगाड्याला चारही चाकं लागायला हवी होती. इंजिन नको, अंग नको, सीट नको. नुसती चाकं आणि स्टिअरिंग. आणि मामांना सुट्टी फक्त शुक्रवारची. असे शुक्रवार उरले होते चार, त्यातले दोन उल्हासच्या सुबक अक्षरात गेले.

मामांची काम करायची पद्धत पाहून तर उल्हासला वाटे, की हा माणूस मुद्दाम छळतोय. एक बोल्ट लावायचा तर आधी रॉकेलने धुवायचा. मग पुसायचा. यादीत नंबर बघायचा, मोठ्याने वाचायचा, समोरच्याने तो परत वाचायचा. मग हाताने फिरवायचा, मग पान्याने, मग तो टक् आवाज करणारा लांब पाना लावायचा, आणि टक् झालं की वर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रिफायनरीत असंच करतात.

"मामा, ही काही रिफायनरी नाही," उल्हास एकदा वैतागून म्हणाला.

"नाही ना. तिथे सुटला तर आग लागते, विम्याचे लोक येतात. इथे सुटला तर मीच येणार, आडवा. आपण नंबर वाचा."

चार बोल्ट आवळायची परवानगी उल्हासला तिसऱ्या शुक्रवारी मिळाली. त्याने जीव लावून आवळले. टक्, टक्, टक्, टक्. मामांनी तोच पाना घेतला आणि चारही पुन्हा तपासले. तीन हलले. मामा त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत, याचं उल्हासला जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर तो अमिताला म्हणाला, "तुझे मामा मला काडीची किंमत देत नाहीत."

"कुणी सांगितलं? ते तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात."

"काय बोलतात?"

"म्हणतात, माणूस सरळ आहे. चूक केली की ती लगेच दिसते."

शेवटचा शुक्रवार उजाडला. मलबाऱ्याने जागा झाडून ठेवली होती. यासीनची माणसं सकाळपासूनच शेडच्या बाहेर गालिचे झटकत होती, आणि त्या संध्याकाळी चंद्र दिसणार असं सगळे म्हणत होते. तीन चाकं जागेवर. पिवळ्या रेघा ओढलेल्या. उरलं मागचं डावं. मामांनी हात पुढे केला.

"एकसष्ट नंबर."

उल्हासने पिशवी दिली. मामांनी ती उलटी केली. आतून नट पडला, दोन वॉशर पडले. बोल्ट पडला नाही.

"लांब बोल्ट?"

"तो आलाच नव्हता, मामा," उल्हास म्हणाला. यादीचं पान त्याने अभिमानानेच पुढे केलं. समोर त्याने लिहिलं होतं, 'सप्लायरकडून कमी'. "मी नोंद करून ठेवली होती."

मामांनी पानाकडे पाहिलं. बोल्ट इंचाच्या मापाचा, वीतभर लांब, दंडगोलाकार, चकचकीत. गाडीत असे चारच. तीन लागलेले. इथे कुठल्या दुकानात मिळण्यासारखा नाही.

"सप्लायर चार पाठवतो, तेव्हा चार पाठवतो," मामा म्हणाले. "आपण पहिल्या दिवशी बादल्यांत भरलेत तेव्हा किती होते?"

उल्हास आठवू लागला. पहिल्या दिवशी, पिशव्या फोडताना, एक बोल्ट त्याला फार आवडला होता. वजनदार, चकचकीत. रविवारी ऑफिसात दाखवायला म्हणून त्याने तो खिशात टाकला. "गाडी बांधतोय," त्याने सगळ्यांना सांगितलं. "स्क्रॅचपासून." लेबनीज साहेबाने तो हातात घेऊन वजन करून पाहिला आणि मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी उल्हासने तो तिथेच ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "तो माझ्या टेबलावर आहे."

"कुठल्या टेबलावर?"

"बँकेतल्या. कागदांवर ठेवलाय."

"कशाला?"

"कागद... उडतात."

"एसीच्या ऑफिसात?"

गालिचे झटकणारी माणसंही थांबून बघायला लागली होती. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळत होतं.

मामांचं तोंड उघडलं. तीस माणसांसाठी राखलेला सगळा साठा तिथपर्यंत आलेला उल्हासने डोळ्यांनी पाहिला. मग तोंड मिटलं. मामांनी एप्रनला हात पुसले.

"आपल्याला गाडी चालवता येते ना?" त्यांनी विचारलं. "येते. मग जाऊन या."

जायला पाऊण तास. शुक्रवार, बँक बंद. दारावरच्या नेपाळी पहारेकऱ्याला उल्हासने आपलं कार्ड दाखवलं. "साब, जुम्मे को?" "बोल्ट भूल गया." पहारेकऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की उल्हासला क्षणभर मामाच समोर उभे आहेत असं वाटलं. वर टेबलावर, काचेच्या ढालीच्या शेजारी, महिन्याभराच्या जुन्या कागदांवर तो बोल्ट पडून होता. एकही कागद हललेला नव्हता.

परत आला तेव्हा चार वाजून गेले होते. मामा जेवले नव्हते. सुक्या सोड्यांचा डबा तसाच बंद. उल्हासने बोल्ट पुढे केला. मामांनी तो घेतला नाही. रॉकेलच्या डब्याकडे बोट दाखवलं.

उल्हासने धुतला, पुसला, डोक्यावरचं वाचलं, नंबर मोठ्याने वाचला. मामांनी परत वाचला. उल्हासने हाताने फिरवला, पान्याने फिरवला, लांब पाना लावला. टक्. मामांनी त्याच्या हातातून पाना घेतला आणि लावला. टक्. हलला नाही. मामांनी पुन्हा एकदा लावून पाहिला. त्यांचा विश्वास बसला नसावा. मग त्यांनी पिवळ्या रंगाची बाटली उल्हासकडे सरकवली. उल्हासने रेघ ओढली. अक्षर सुंदर असल्यामुळे रेघही चांगली आली.

जॅक निघाले आणि गाडी खाली आली. गाडी म्हणजे काय, तर खाटेला चार चाकं लावावीत आणि वर एक स्टिअरिंग खोचावं, असं काहीतरी. यासीन काडी चावत आत आला, त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"ये गाडी है?" त्याने विचारलं.

"होएगा," मामा म्हणाले.

"मेरा बकरी का खटारा इससे अच्छा है."

"इसलिए उसमें बकरी बैठता है," मामा म्हणाले, आणि आत चढले.

आत बसायला काही नव्हतंच. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, लबनची एक बादली उचलली, उलटी करून दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये ठेवली आणि तिच्यावर बसले. 'मिसलेनियस' हे लेबल बाजूने उलटं दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हात काळे कुळकुळीत होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

"बसलो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते उल्हासला कळलं नाही.

आता खोकी यासीनच्या पिकअपमध्ये टाकून मागून आणायची होती, ती त्याची माणसं करणार होती; गाडीबरोबर आलेलं सामान मलबाऱ्याने निम्म्या मनाने कबूल केलं होतं. गाडीला इंजिन नव्हतं. शेडच्या दारापासून रस्त्यापर्यंत भुसभुशीत वाळू. उल्हासने मागच्या आडव्या नळीला हात लावला आणि अंग टाकलं. सांगाडा हलला. मग चाकं फिरायला लागली. त्याच्या बँकेत घालायच्या बुटांत वाळू शिरली. सदरा पाठीला चिकटला. पिकअप मागून कासवासारखी येत होती आणि तिच्यातली माणसं यल्ला, यल्ला म्हणून ओरडत होती, त्यांतला एकही खाली उतरत नव्हता.

पुढे मामा ताठ बसले होते. वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि एक हात बाहेर काढून रीतसर इशारा केला. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं.

दीडशे मीटरवर दम खाताना उल्हास थांबला. सूर्य खजुरांच्या मागे गेला होता. मलबाऱ्याच्या दुकानाचा दिवा लागलेला दिसत होता. महिनाभर मनात साचलेलं आता विचारून घ्यावं असं त्याला वाटलं. आपली डिग्री, ती चाळीस पानं, ते भिंग, तो एक न हललेला बोल्ट, हे सगळं जमेला धरून मामा काहीतरी बरं बोलतील अशी एक बारीकशी आशाही होती.

"मामा," तो धापा टाकत म्हणाला, "खरं सांगा. ते तुम्ही जानेवारीत फोन केलात. तुमच्याकडे तीस माणसं आहेत. मलाच कशासाठी बोलावलं होतंत?"

मामांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"ढकलायला."